व्यायामशिबिराची पारख

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर भिवंडी मागे पडते न पडते तोच वडपे हे गाव लागते. ठाण्यातील माजिवडा नाक्यापासून येथवरचा रस्ता सुमारे २४ किलोमीटरांचा; परंतु त्यावर अहोरात्र मालमोटारींची रीघ असते. रस्त्याच्या दुतर्फा मालाची अवाढव्य गोदामे उभी आहेत. एके काळी ह्या परिसरात जिकडे तिकडे भाताची खाचरे होती. गोदामांच्या पाठीमागे अजूनही थोडीफार शेती शिल्लक आहे. उन्हाळ्यात ही खाचरे कोरडी पडतात, बांधावरची जांभळे पिकू लागतात, आणि पेंढ्याच्या ढिगांवर गावातील मुले मनसोक्त उड्या मारतात.

अशा गावातील दहा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. अंगाने सडपातळ, पायांनी चपळ. पेंढ्यावर कोलांटउडी घेण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नाही. हातांवर उभे राहून तो अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. वडिलांच्या भ्रमणध्वनीवर त्याने परदेशी खेळाडूंच्या कसरती पाहिल्या आहेत, आणि तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला आहे : उन्हाळ्याच्या सुटीत जिम्नॅस्टिक्सच्या शिबिराला जावयाचे आणि उलटी हवेतील कोलांटी शिकावयाची. वडील गोदामात नोकरीस आहेत. त्यांनी चौकशी करून तीन शिबिरांची पत्रके आणली. आईने ती वाचली. आजोबांना मात्र ती वाचून दाखवावी लागली. तरुणपणी त्यांनी तालमीत चार वर्षे कुस्ती केली होती. सर्व ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "पोराला उड्या मारायला सगळेच शिकवतील. पडायला कोण शिकवतो, ते आधी बघून ये."

आजोबांचा हा प्रश्न वरवर विचित्र वाटेल. परंतु शिबिराची पारख करण्याची खरी किल्ली त्यातच आहे. ती समजण्यासाठी ह्या व्यायामप्रकाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आज जगभर ज्याला जिम्नॅस्टिक्स म्हणतात, त्याचे अर्वाचीन स्वरूप मुख्यतः जर्मनीत घडले. फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनजवळ मोकळ्या मैदानावर तरुणांसाठी व्यायामाची जागा उघडली. समांतर दांडे, आडवा दांडा इत्यादी साधनांचा प्रसार तेथून झाला. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी ह्या खेळाला त्यांत स्थान मिळाले. पुरुषांच्या स्पर्धेत आज सहा प्रकार असतात : जमिनीवरील कसरती, मुठींचा घोडा, लोंबत्या कड्या, व्हॉल्ट म्हणजे टेबलावरून घ्यावयाची झेप, डबलबार आणि सिंगलबार. स्त्रियांच्या स्पर्धेत चार प्रकार असतात.

महाराष्ट्राला मात्र ह्या विद्येसाठी जर्मनीकडे पाहण्याची गरज नव्हती. आपल्याकडे मल्लखांब होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. म्हणजे हा व्यायाम सुमारे नऊशे वर्षांचा जुना आहे. पुढे तो मागे पडला, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधर ह्यांनी त्याला नवे जीवन दिले. त्याविषयी परंपरेने एक कथा सांगितली जाते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिले. कोणीही पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभट्टांनी थोडी मुदत मागून घेतली. सप्तशृंगीच्या डोंगरावर राहून त्यांनी लाकडी खांबावर डावपेचांचा सराव केला, आणि परत येऊन अलीला चीत केले. ह्या कथेतील किती भाग इतिहास आणि किती भाग भक्ती, हे आज ठरविणे अवघड आहे. तथापि मल्लखांब हा मुळात मल्लाचा म्हणजे कुस्तीगिराचा खांब होय, एवढी गोष्ट तिच्यावरून स्वच्छ दिसते. पेशवाई १८१८ साली बुडाल्यावर बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. बाळंभट्टांबरोबर ही विद्याही तेथे गेली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी बालपणी तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे सांगतात.

पुढील काळात ही विद्या व्यायामशाळांनी जतन केली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. ह्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या नगरात यानने आपले मैदान उघडले होते, त्याच नगरात सव्वाशे वर्षांनी आपले खेळाडू आपल्या कसरती घेऊन गेले, हा योग मोठा मौजेचा आहे. मुंबईत दादरला शिवाजी पार्कवर १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथील ज्येष्ठ मार्गदर्शक उदय देशपांडे ह्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकविला. त्यांना २०२४ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. शिवाजी पार्कवरच फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. हिमानी परब व सागर ओव्हळकर ह्या महाराष्ट्राच्या मल्लखांबपटूंना अर्जुन पुरस्कारही मिळाले आहेत.

मल्लखांबाचे तीन मुख्य प्रकार आहेत. जमिनीत पुरलेला खांब, साखळीने टांगलेला आखूड खांब, आणि दोरीचा मल्लखांब. पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी असून जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असतो. तळाशी तो जाड असून वर निमुळता होत जातो. सर्वांत वर बोंड, त्याखाली मान आणि मग अंग, अशी माणसासारखीच त्याच्या भागांची नावे आहेत. त्यावरील कसरतींची नावेही ऐकण्यासारखी आहेत : अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा, सलामी. अढी म्हणजे पायांनी खांबास मारलेली मिठी. हीच पहिली इयत्ता. ज्याची अढी पक्की नाही, त्याने पुढच्या इयत्तेची घाई करू नये, असे जुने वस्ताद सांगत.

खांबाला एरंडेल तेल लावतात, ह्याचे अनेकांना नवल वाटते. चढावयाचा खांब मुद्दाम निसरडा का करावा? ह्याचे उत्तर घर्षणात आहे. कोरड्या लाकडावर उघडे अंग जोराने फिरले तर कातडी सोलवटून निघेल. पातळ तेल लावले तर हात-पाय सुटतील. एरंडेल हे दाट व चिकट तेल आहे. ते कातडीला आग होऊ देत नाही, आणि पकड घट्ट असेल तर हात सुटूही देत नाही. पकड मात्र खेळाडूनेच धरावयाची असते. म्हणून मल्लखांबावर मांड्या, पोटऱ्या, दंड, पोट व पाठ हे सारे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. थोड्या वेळात सर्वांगाला व्यायाम देणारे आणि इतके स्वस्त साधन दुसरे सापडणे कठीण.

आता त्या तीन पत्रकांकडे वळावे.

पहिले शिबिर दूरच्या एका थंड हवेच्या गावी पंधरा दिवसांचे व निवासी होते. पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले. 'पंधरा दिवसांत उलटी कोलांटी, अन्यथा शुल्क परत' असे त्यावर ठळक अक्षरांत होते. मुलाचे डोळे त्याच ओळीवर खिळले. दुसरे शिबिर ठाण्यातील एका सभागृहात रोज दोन तासांचे होते. तेथे जाड गाद्या, दांडे, झेपेचे टेबल, सारे काही नवे कोरे होते. तिसरे पत्रक एका जुन्या व्यायामशाळेचे, एकाच बाजूस छापलेले आणि तेही काहीसे पुसट. त्यात पुरलेला मल्लखांब, दोरी, जमिनीवरील कसरती आणि सूर्यनमस्कार एवढाच उल्लेख होता. ही व्यायामशाळा मुंबईत होती आणि मुलाचा मामा परळला राहत असे. कोकणपट्टीतील मुले उन्हाळ्यात मामाच्या गावाला जातात; ह्या मुलाला मामाच्या शहराला जावे लागणार होते.

पहिल्या पत्रकात आईला एक गोष्ट खटकली. रोज सकाळी तीन तास व संध्याकाळी तीन तास असा कार्यक्रम त्यात दिला होता. सहा तास रोज, म्हणजे आठवड्याला बेचाळीस तास! दहा वर्षांच्या मुलाला एवढा व्यायाम झेपेल काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर हाडांच्या रचनेत दडलेले आहे. वाढत्या वयातील मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड लांब होते ते ह्याच थरामुळे. वाढ पूर्ण झाली म्हणजे तो थर कठीण होऊन हाडात मिळून जातो. तोवर मात्र तो हाडातील सर्वांत दुबळा भाग असतो. हातांवर उभे राहणे, हातांवरून उलटणे ह्या कसरतींत शरीराचा सर्व भार मनगटांवर येतो. आणि हाच भार रोज तासन् तास पडत राहिला तर मनगटाजवळचा तो थर दुखावतो. क्वचित हाडाची वाढही बिघडते. म्हणून क्रीडावैद्यकातील जाणकार एक सोपे गणित सांगतात. मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला एका खेळाचा सराव तितक्या तासांहून अधिक नसावा. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. आईने हे गणित ऐकले नव्हते. परंतु शेतावर कोवळ्या गोऱ्ह्याला कोणी नांगराला जुंपत नाही, हे तिला ठाऊक होते. शिवाय, 'शिबिराच्या काळात पालकांना आत प्रवेश नाही' असेही त्या पत्रकात बारीक अक्षरांत छापलेले तिने मुलाच्या वडिलांना दाखविले. ते पत्रक तेथेच बाजूला पडले. मुलगा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही.

वडिलांनी रजेचा एक दिवस काढून उरलेल्या दोन्ही जागा पाहून येण्याचे ठरविले. पत्रकावरून शिबिर निवडणे म्हणजे चित्रावरून बैल विकत घेण्यासारखे आहे. जागा पाहावी, आणि तीही शिकवणी चालू असताना पाहावी. मुलालाही त्यांनी बरोबर घेतले.

ठाण्यातील सभागृह खरोखरच देखणे होते. गाद्या जाड होत्या, दांड्यांचे खिळे-पेच पक्के होते, हवा खेळती होती. शिक्षक प्रशिक्षित होते आणि बोलण्यातही सौजन्य होते. परंतु मुले चाळीस आणि शिक्षक एक! दोन मोठी मुले मदतीला होती. झेपेच्या टेबलापुढे मुलांची लांबच लांब रांग होती. एका मुलाची झेप झाली की पुन्हा पाळी येईपर्यंत त्याला बराच वेळ उभे राहावे लागे. ह्या रांगेत मुले एकमेकांना ढकलत होती, आणि टेबलाकडे पाठ करून उभ्या असलेल्या शिक्षकांचे तिकडे लक्ष जाणे शक्य नव्हते. दोष शिक्षकांचा नव्हे, संख्येचा. नवशिक्या मुलांच्या बाबतीत एका शिक्षकाकडे आठ-दहांहून अधिक मुले असू नयेत. कारण कसरत करणाऱ्या मुलाच्या कमरेशी प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात असावा लागतो.

व्यायामशाळेत ते दुपारी उशिरा पोहोचले. लाकडी फाटक, मारुतीची तसबीर, मऊ मातीत पुरलेला एक काळाभोर खांब, एका तुळईवरून लोंबणारी जाड सुती दोरी आणि भिंतीशी रचून ठेवलेल्या जुन्या गाद्या. मुलाचा चेहरा उतरला. तेवढ्यात वर्ग सुरू झाला. बारा मुले होती आणि एक वयस्क गुरुजी. पहिली वीस मिनिटे मुलांनी धावणे, सांधे मोकळे करणे आणि सूर्यनमस्कार ह्यांत घालविली. त्यानंतर गुरुजींनी नव्या मुलांना गाद्यांवर उभे केले आणि सांगितले, "आता पडा."

मुले हसू लागली. गुरुजी हसले नाहीत. पुढे पडताना मनगटे ताठ ठेवू नयेत, मागे पडताना हनुवटी छातीला टेकवावी, पाठीची कमान करून गोल लोळावे, उडी मारून खाली येताना गुडघे वाकवावे, हे त्यांनी एकेका मुलाकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले. वडिलांना आजोबांचे शब्द आठवले.

गुडघे वाकविण्याने असे काय होते? समजा, एखादा मुलगा एक मीटर उंचीवरून जमिनीवर उतरला. त्याने पाय ताठ ठेवले तर त्याचे शरीर जेमतेम पाच सेंटीमीटर अंतरात थांबते. अशा वेळी त्याच्या पायांवर त्याच्या वजनाच्या सरासरी एकवीस पट भार येतो. मुलाचे वजन तीस किलो असेल, तर सहाशे किलोंहूनही जास्त! तोच मुलगा गुडघे, घोटे आणि कंबर वाकवीत अर्ध्या मीटर अंतरात हळूहळू थांबला, तर हा भार वजनाच्या केवळ तिप्पट होतो. थांबण्याचे अंतर वाढले की धक्का कमी होतो. जाड गादी, भुसभुशीत माती आणि पेंढ्याचा ढीग हे सारे ह्याच एका नियमाने मुलाला वाचवितात. वडप्याच्या खाचरांतील मुलांना हा नियम शब्दांत सांगता आला नसता, पण पेंढ्यावर उड्या मारताना ती तो वापरीत होती. फरक एवढाच की, पेंढा नेहमी पायाखाली असेलच असे नाही.

मानेची गोष्ट याहून नाजूक आहे. उलट्या कोलांटीत अंदाज चुकला तर मूल डोक्यावर किंवा मानेवर पडते, आणि मानेच्या मणक्यांतून जाणारा मज्जारज्जू एकदा दुखावला की तो पूर्ववत होण्याची शाश्वती नसते. म्हणून उलटी कोलांटी ही पंधरा दिवसांत शिकविण्याची वस्तू नव्हे. वडिलांनी गुरुजींना त्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आधी त्याला हातांवर भक्कम उभे राहू द्या. मग मागे कमान, मग आमच्या हातांवर, मग गादीवर. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला दोन वर्षे. किती दिवसांत, असे मला विचारू नका." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एखादा मुलगा मानेवर पडला आणि त्याला मान दुखते असे वाटले, किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर त्याला उचलून बसवू नये व पाणी पाजण्यासाठी मान वर करू नये. तो आहे तसाच निश्चल पडू द्यावा आणि १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. व्यायामशाळेच्या भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि कोणत्या रुग्णालयात जावयाचे तेही त्याखाली लिहिलेले होते. शिबिर पाहावयास जाणाऱ्याने भिंतीवरच्या बक्षिसांपेक्षा ही पाटी आधी शोधावी.

आईने वडिलांना आणखी एक प्रश्न विचारून येण्यास बजावले होते. कसरती शिकविताना शिक्षकाला मुलांना हात लावावाच लागतो. कमरेला, पाठीला, खांद्याला आधार दिल्याशिवाय हे शिक्षण होऊच शकत नाही. परंतु चांगला शिक्षक कोठे आधार देणार ते आधी सांगतो, आणि सर्वांच्या देखत, उघड्या जागेत शिकवितो. व्यायामशाळेत पालकांसाठी एका बाजूला बाक मांडलेला होता आणि त्यावर कोणीही केव्हाही येऊन बसावे, अशी रीत होती. मुलांनाही एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. एखाद्याचा स्पर्श आपल्याला नकोसा वाटला, किंवा 'हे घरी सांगू नकोस' असे कोणी म्हटले, तर ती गोष्ट त्याच दिवशी आईला किंवा वडिलांना सांगावी. ते जवळ नसतील तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. त्यावर मूल स्वतःही बोलू शकते. असे सांगण्यात चहाडीही नाही आणि भित्रेपणाही नाही.

उन्हाचा विचारही व्हावयास हवा होता. मे महिन्यात भिवंडी-ठाणे-मुंबईकडील हवा नुसती तापत नाही, ती दमटही असते. घाम येतो, पण तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा तहानेचे भानही कमी असते. सकाळी लवकर किंवा सायंकाळी वर्ग असावा, मधूनमधून पाणी पिण्याची सुटी असावी, पहिल्या आठवड्यात श्रम बेताचे असावेत. मळमळ, डोकेदुखी किंवा भोवळ वाटली तर मुलाने लगेच थांबावे आणि त्याला त्याबद्दल कोणी हसू नये. व्यायामशाळेचा वर्ग सकाळी साडेसहाला होता. वडप्याहून त्या वेळी मुंबईत पोहोचणे अशक्यच. परळहून मात्र ते सहज साधत होते.

शुल्काचा हिशेब झाला. कपड्यांची यादी फार लहान होती : लंगोट, चुस्त चड्डी, एक पंचा.

परतीच्या वाटेवर मुलगा गप्प होता. त्याला ठाण्याचे झेपेचे टेबल आवडले होते. घरी आल्यावर त्याने आपली तक्रार सांगितली. तेथे नुसता एक खांब आहे. मोठे खेळाडू काय खांबावर तयार होतात? त्याच्या तक्रारीत अर्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. ऑलिंपिकमध्ये मल्लखांब नाही. ज्याला पुढे त्या सहा प्रकारांत उतरावयाचे आहे, त्याला केव्हा तरी ती साधने हाताळावीच लागतील. परंतु साधनांच्या झगमगाटावरून शिक्षणाची प्रत ठरत नाही. त्रिपुरातील आगरताळ्याच्या दीपा कर्माकर ह्या सपाट तळव्यांच्या मुलीचेच उदाहरण घ्यावे. उडी मारणाऱ्याला सपाट तळवे ही मोठीच अडचण. पण तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी ह्यांनी धीर सोडला नाही. पुरेशी साधने नव्हती, तेव्हा त्यांनी जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून उडीची फळी तयार केली. ह्याच दीपा कर्माकर २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथ्या आल्या. त्यांना १५.०६६ गुण मिळाले; तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला १५.२१६. दीड दशांश गुणाने पदक हुकले, तरी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला जिम्नॅस्ट होत.

मुलाला घाईही करण्याचे कारण नव्हते. रुमानियाच्या नादिया कोमानेचीने १९७६ साली माँट्रियल येथे दहापैकी दहा गुण मिळविले, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. जगभर सगळ्यांनी तिचे कौतुक केले. परंतु त्यानंतर लहान मुलींवर होणाऱ्या अतिश्रमांचीही चर्चा होऊ लागली, आणि १९९७ पासून त्या वर्षात वयाची सोळा वर्षे पूर्ण न होणाऱ्या मुलींना ऑलिंपिकमध्ये भाग घेता येत नाही. मुलांची वयोमर्यादा तर त्याहून पुढची आहे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलापुढे पुष्कळ वर्षे मोकळी पडली आहेत. त्यांतील पहिली दोन खांबावर घालविली तर काय बिघडले? खांबावर मिळविलेली पकड, खांद्यांचे बळ आणि उलटे लटकत असताना आपण कोठे आहोत ह्याची जाण, ही शिदोरी दांड्यावर आणि कड्यांवरही उपयोगी पडते. ठाण्याचा वर्ग काही कायमचा दुरावत नव्हता. तेथे उन्हाळ्याव्यतिरिक्त शनिवारी-रविवारीही शिकवीत, आणि तेव्हा मुले थोडी असत, असे वडिलांनी विचारून ठेवले होते.

निर्णय मात्र कोणी मुलावर लादला नाही. आजोबांनी सुचविले की, त्याला चार दिवस खांबावर जाऊ द्यावे आणि मग त्याला विचारावे. गुरुजींनीही ते मान्य केले. पूर्ण शुल्क आधी भरून घेऊन मग मुलाला अडकविणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते.

पहिल्या दिवशी मुलाला अढी जमली नाही. पेंढ्यावर अधिराज्य करणारा हा वीर एरंडेल लावलेल्या खांबावरून तीन वेळा घसरून खाली आला. त्याच्याहून वर्षाने लहान असलेली एक मुलगी शेजारच्या दोरीवर पायाच्या अंगठ्यात पकड धरून सरसर वर गेली, आणि तिने टोकाला जाऊन आसन घातले. मुलाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या दुखू लागल्या. गुरुजींनी मनगटे आणि गुडघे दुखतात का ते विचारले, ते दुखत नाहीत असे कळल्यावरच त्याला खांबाजवळ येऊ दिले. स्नायूंचे दुखणे दोन दिवसांत जाते, सांध्यांचे दुखणे अंगावर काढू नये, हा भेद त्यांनी सर्वच मुलांना समजावून दिला. तिसऱ्या दिवशी खांबाला पायांची मिठी बसली. हात सोडून, डोके खाली करून मुलगा उलटा लटकला, आणि त्याला मारुतीची तसबीर, बाकावर बसलेला मामा आणि फाटकातून दिसणारा रस्ता असे सारे उलटे दिसले. चौथ्या दिवशी त्याला कोणी काही विचारलेच नाही. तोच पहाटे साडेपाचला उठून मामाला हलवून जागे करू लागला.

शिबिर संपल्यावर काय, हा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. आणि खरे तर तोच सर्वांत महत्त्वाचा. तीन आठवड्यांत मिळविलेली ताकद पुढे सराव नसेल तर तितक्याच आठवड्यांत ओसरू लागते. घरी खांब पुरावा, असे मुलाचे म्हणणे होते. गुरुजींनी त्याला नकार दिला. खांब किती खोल पुरला आहे, लाकडाला भेग गेली आहे की काय, आजूबाजूची माती मऊ आहे की नाही, हे जाणत्या माणसावाचून कळत नाही. आणि आधार देणारा कोणी नसताना मुलाने एकट्याने खांबावर चढणे सर्वथा वर्ज्य. त्याऐवजी त्यांनी एका कागदावर घरचा पाठ लिहून दिला : रोज बारा सूर्यनमस्कार, वीस बैठका, भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे, आणि दारासमोर सतरंजीवर पुढची-मागची लोळण. मागची हवेतील कोलांटी घेऊ नये, हे वाक्य त्यांनी दोनदा लिहून त्याखाली रेघ ओढली होती.

मुलगा वडप्याला परतला तेव्हा आभाळ भरून येऊ लागले होते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्याच सुमारास खाचरांत पाणी साठते आणि राबाची रोपे वर येऊ लागतात. पावसाने भिजू नये म्हणून आजोबांनी उरलेला पेंढा गोठ्याच्या माळ्यावर चढवून टाकला होता. उड्या मारावयास ढीग नव्हता. गावातली चार मुले ओटीवर सतरंजी पसरून बसली होती आणि त्यांच्यापुढे उभा राहून तो त्यांना मागे पडताना हनुवटी कोठे ठेवावयाची ते दाखवीत होता.